गोव्याच्या गावात सायकल ठेवायची कुठे आणि कशी

गोव्यात गावाकडं फिरायला निघताना एक गोष्ट धरूनच चालावं: सायकलसाठी म्हणून रोवलेला लोखंडी स्टँड वाटेत भेटणार नाही. देवळापुढं दुचाक्यांचं मैदान असतं, फेरी धक्क्यावर गाड्यांची रांग असते, धबधब्याच्या वाटेला जीप उभ्या असतात. सायकल मात्र ज्याची त्यानं कुठंतरी टेकवायची. म्हणून जागा शोधायचं काम आदल्या रात्री घरीच करून ठेवावं.

आणि कुलपावर फार भिस्त ठेवू नये. कुलूप चोराची चार-पाच मिनिटं खातं, तेवढंच. ज्या गावात परका माणूस दिसताच बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलेली आजी मान वर करून बघते, तिथं ती आजी दीड किलोच्या यू-लॉकपेक्षा (इंग्रजी यू आकाराच्या कुलपापेक्षा) भारी. जागा निवडताना क्रम असा लावा: आधी माणूस, मग छप्पर, मग लोखंड, आणि शेवटी कुलूप. बहुतेक लोक तो उलटा लावतात. भारी कुलूप घेतात आणि सायकल निर्जन वळणावर बांधून जातात.

आदल्या रात्री: थांबे आणि मिनिटं

कागदावर दिवसाचे थांबे लिहा आणि प्रत्येकापुढं सायकलपासून किती वेळ लांब राहणार ते लिहा. सगळं त्या आकड्यावरून ठरतं.

दहा मिनिटांपर्यंतचा थांबा, म्हणजे पोसऱ्यावरचा (गावातल्या छोट्या दुकानावरचा) चहा आणि पातळभाजी-पाव. सायकल नजरेसमोर राहते, मागच्या चाकाचं गोल कुलूप पुरे. तासाभराचा थांबा, म्हणजे देऊळ, चर्च किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताच्या) बांधावरची पायपीट. इथं पक्कं लोखंड हवं किंवा ओळख करून घेतलेला माणूस. अर्ध्या दिवसाचा थांबा, म्हणजे कुळ्याहून जीपनं दूधसागर किंवा नेत्रावळीच्या जंगलात सावरी धबधबा. इथं कुणाचं तरी कुंपण किंवा पैसे देऊन ठेवायची जागा यांखेरीज तिसरा पर्याय धरू नका. चार तास एकटं असलेलं कोणतंच कुलूप भरवशाचं नाही.

याच कागदावर बंद व्हायच्या वेळाही लिहा. गोव्यात ही चूक फार होते. पोसरो, तावेर्न (दारूचं दुकान), हार्डवेअरचं दुकान ही सगळी दुपारी साधारण एकला शटर ओढतात ते चारला उघडतात. बारा वाजता दुकानाच्या मागच्या खोलीत सायकल ठेवून गेलात आणि दोनला परत आलात, तर सायकल अगदी सुरक्षित असते, फक्त तुमच्या हाती लागत नाही. दुकानदाराला झोपेतून उठवणं हा गावात मोठा अपराध आहे. म्हणून ठेवतानाच विचारा: बंद कधी करता, आणि मधेच आलो तर चावी कुणाकडं? पंचायत कार्यालयाचं आवार रविवारी आणि संध्याकाळी कुलूपबंद असतं. मुख्य रस्त्यावरचा पेट्रोल पंप मात्र बराच वेळ उघडा असतो, तिथं कॅमेरा असतो, हवाही मिळते. दिसायला रुक्ष, पण पहाटे ठेवून तिन्हीसांजेला परतणाऱ्याला त्याच्यासारखी जागा नाही.

शेवटी जत्रा आणि फेस्त (चर्चचा उत्सव) यांची तारीख तपासा. मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी असते. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या फेस्ताआधीचे नऊ दिवस रस्ता माणसांनी भरलेला असतो. दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. अशा दिवशी टेकवलेली सायकल चोरीला जाण्याआधी गर्दीच्या धक्क्यानं पडते, आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकतं.

सोबत काय घ्यायचं

दिवसभराच्या फेरीला दोन वेगळ्या जातींची कुलपं घ्या, म्हणजे एकाच हत्यारानं दोन्ही उघडत नाहीत.

पहिलं यू-लॉक. कडी किमान १३ मिलिमीटर जाडीची आणि कडक केलेल्या पोलादाची. आतली जागा लहानच चांगली. मोठ्या यू-लॉकमध्ये जॅक किंवा पहार घालायला जागा मिळते. वजन किलो-दीड किलो पडतं, ते पाठीवर न घेता फ्रेमला लावा. नळीसारख्या गोल किल्लीचं कुलूप घेऊ नका. तशी कितीतरी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात, हे २००४ सालीच जगाला कळलंय.

दुसरी साखळी. इथं लोक फसतात. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी चकचकीत साखळी मऊ लोखंडाची असते, लांब दांड्याचं कटर तिला सहज तोडतं. घेण्याआधी कानस मागून घ्या आणि कडीच्या कोपऱ्यावर एकदा ओढा. कानस घसरून गेली आणि ओरखडा जेमतेम उठला, तर पोलाद कडक केलेलं आहे. कानशीनं खाऊन चकचकीत खाच पडली, तर ती साखळी गुरं बांधायला ठेवा. जोडीचं कुलूपही त्याच कसोटीला लावा, आणि त्याची कडी साखळीच्या दोन्ही टोकांतून जाते ना, ते दुकानातच बघा.

साखळीची लांबी माडावरून ठरवा. माडाचा बुंधा ३० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर घेर होतो सुमारे ९४ सेंटिमीटर. फ्रेमची नळी आणि थोडी ढील मिळून आणखी २५. म्हणजे १२० सेंटिमीटरची साखळी हवी. बाजारात तयार मिळते ती बहुधा ९० ची, आणि ती माडापाशी जाऊन हात टेकते. अर्थात माडाला बांधणं हाच शेवटचा उपाय, त्याचं कारण पुढं येतंच.

साखळीवर जुनी ट्यूब चढवली की रंग खरवडत नाही आणि खडखडाट थांबतो. पण पावसाळ्यात त्याच ट्यूबमध्ये पाणी साचून साखळी आतून गंजते. खालच्या बाजूला चार भोकं पाडा आणि घरी आल्यावर ट्यूब मागं सरकवून वाळवा.

सीटसाठी वेगळी युक्ती. टाकून द्यायची जुनी सायकलची चेन घ्या. एक दुवा १२.७ मिलिमीटरचा, म्हणून ३६ दुवे तोडले की जवळपास ४६ सेंटिमीटर मिळतात. ती ट्यूबच्या तुकड्यात घाला, सीटखालच्या सळ्यांमधून आणि मागच्या वरच्या नळीच्या आतून ओवा, आणि चेन-टूलनं पिन दाबून बंद करा. पिन मुकाट्यानं अर्धी बसली तर पुढच्या खड्ड्यात निघेल, म्हणून दोन्ही बाजूंना सारखी आहे का बोटानं चाचपून बघा. चाकांना झटपट उघडणारे दांडे असतील तर ५ मिलिमीटरच्या ॲलन (षटकोनी) किल्लीनं उघडणारे दांडे बसवून घ्या. गावात संपूर्ण सायकलपेक्षा पुढचं चाक, दिवा, पंप आणि पिशवी यांच्यावर हात पडणं सोपं असतं, कारण ती काढायला कुलपाला हात लावावा लागत नाही.

केबलचं कुलूप हेल्मेट अडकवायला ठीक. त्याहून जास्त त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

जागा निवडताना

जे काही बांधायला निवडाल ते आधी दोन्ही हातांनी हलवा. पाटीचा खांब असेल तर वर बघा: पाटीच्या वरून सायकल उचलून काढता येते का? मग खाली बघा: खांब काँक्रीटमध्ये आहे की चार बोल्टांवर? रस्त्याच्या कडेचा पत्र्याचा कठडा उत्तम, पण साखळी पत्र्यामागच्या उभ्या खांबाभोवतून गेली पाहिजे. नुसती पत्र्यावरून टाकलेली साखळी म्हणजे शोभेचा हारच.

चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) बांधायला काहीच नसतं, पण गडगा टेकवायला चांगला. टेकवताना हँडल आणि सीट हे दोन बिंदू टेकू द्या, पेडल मागं फिरवून दगडात अडकवा. चढउतार असेल तर जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद गोल तुकडा ब्रेकच्या दांड्यावर आणि मुठीवर चढवा, ब्रेक दाबून राहतो. फेरीबोटीच्या डेकवर तर हा तुकडा हवाच.

विजेच्या खांबाला सायकल बांधू नका, त्याच्या ताणतारेला तर मुळीच नको. पावसात खांबातून गळणारी वीज फ्रेममध्ये उतरते, आणि कुलूप उघडायला तुम्ही ओल्या जमिनीवर उभे असता.

माडाखाली नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाळकी झावळ जास्त वेळा पडते, आणि चाकावर आडवी पडली तर आरे वाकवते. पोफळीचा बुंधा यू-लॉकमध्ये मावेलही, पण कुळागर (पोफळीची बाग) कुणाचं तरी पीक आहे आणि साखळीनं साल खरवडते. काजूच्या आणि आंब्याच्या झाडांवर तांबडे हुमले, म्हणजे चावऱ्या मुंग्या असतात. अर्ध्या तासात ते हँडलवर रांग लावतात, आणि ते तुम्हाला उतारावर ब्रेक धरताना कळतं.

खुरीस (क्रूस), घुमटी आणि तुळशीवृंदावन यांना सायकल टेकवायचीही नाही. यावर चर्चा नको.

बांधायची रीत

लोखंड मिळालं की हे याच क्रमानं करा.

सायकल मागच्या बाजूनं खांबाशी जवळ आणा. चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर ठेवा, पळवणाऱ्याला सुरुवातच जड जाते. यू-लॉक खांबाभोवती घाला आणि मागचं चाक रिमसकट त्यात घ्या, पण सीटची नळी आणि मागच्या दोन नळ्या मिळून जो त्रिकोण होतो त्याच्या आतल्या भागात. नळीला वेगळा वेढा लागत नाही, कारण रिम त्या त्रिकोणातून बाहेर ओढताच येत नाही. एका लहान कुलपात चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात. यू-लॉकमध्ये उरलेली मोकळी जागा बोटभर असावी, हातभर नव्हे.

किल्लीचं तोंड खाली करा. सावर्डे, उसगाव भागात तांबडी धूळ आत बसते, किनाऱ्याकडं खारी हवा आणि जूनपासून पाऊस. तोंड वर असेल तर तिन्ही गोष्टी सरळ आत जातात.

मग साखळी पुढच्या चाकातून आणि खालच्या जाड नळीभोवती घेऊन त्याच खांबाला. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर टेकलेल्या कडीवर कटरचा एक दांडा ठेवून दुसऱ्यावर उभं राहता येतं, हातोडाही मारता येतो. गुडघ्याच्या उंचीवर लटकती ठेवली की तो जोर मिळत नाही. शेवटी सायकल धरून एकदा जोरात ओढा. जे सुटणार ते तुमच्याच हातून सुटू दे.

लोखंड नसेल आणि चार-पाच जण असाल, तर सायकली उलटसुलट लावा: एकीचं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाशी, आणि प्रत्येकाचं कुलूप शेजारच्या सायकलच्या फ्रेममधून. असा गठ्ठा ढकलता येत नाही, उचलायला टेंपो आणि चार माणसं लागतात. एकट्याच्या साध्या काळ्या सायकलचं गोल कुलूप चाक फिरू देत नाही एवढंच, सायकल खांद्यावर उचलता येतेच. पोदेराची (पाववाल्याची) सायकल दारोदार तशीच उभी असते खरी, पण सकाळच्या वेळी पोदेराला सारा वाडा ओळखतो. तुम्हाला कोणी ओळखत नाही.

दिवा, मीटर, पंप, पिशवी, बाटली काढून सोबत घ्या. पिशवीत केळं किंवा बिस्किट राहू देऊ नका, माकडं पिशवीची चेन उघडायच्या भानगडीत न पडता पिशवीच फाडतात. शेवटी दोन फोटो: एक कुलपासह सायकलचा, एक आजूबाजूच्या खुणेचा.

विचारायचं कसं

गावात विचारून ठेवलेली सायकल आणि न विचारता ठेवलेली सायकल यांत जमीन-अस्मानाचा फरक. घराच्या फाटकाशी थांबा, आत शिरू नका, कुत्र्याला भुंकू द्या. कोणी बाहेर आलं की कोकणीत एवढं पुरे: "हांगा सायकल दवरूं? दोन वरांनी येतां." (इथं सायकल ठेवू? दोन तासांनी येतो.) तावेर्नवाल्याला पात्रांव (मालक) म्हणा, वयस्कर बाईंना माई. मग चार गोष्टी सांगा: नाव, गाव, कुठं चाललात, किती वाजता येणार. आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्ध्या तासात या. उशीर होणार असेल तर फोन करता यावा म्हणून नंबर घेऊनच निघा, कारण नेत्रावळीच्या आणि सुर्लाच्या बाजूला रेंज मधेच जाते.

आत घेतलं तर त्यांच्या ग्रीलला साखळी बांधू नका. सायकल हलवावी लागली तर त्यांनाही हलवता आली पाहिजे, म्हणून फक्त चाकाचं कुलूप. विहिरीकडं जायची वाट, गाडी काढायची जागा मोकळी ठेवा. एप्रिल-मेमध्ये अंगणात सोलां (आमसुलं) वाळत असतात, त्यांच्यावर सावली पडेल असंही उभं करू नका. पैसे पुढं केले तर बहुतेक जण अवघडतात. दुकान असेल तर परतताना तिथंच सोडा प्या, घर असेल तर "देव बरें करूं" (धन्यवाद) म्हणा आणि बाजारातून आणलेलं काही फळ द्या.

काही ठिकाणं

दिवाडीला जाताना सायकल जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सोडून चालत जायचा विचार करू नका, बोटीतून सोबत न्या. व्हाइसरॉयच्या कमानीखालचा धक्का, रायबंदर आणि पलीकडं नार्वे अशा तिन्ही बाजूंनी बोट आहे, म्हणजे एकीकडून शिरून दुसरीकडून निघता येतं. धक्क्याच्या उतारावर सायकल कधीही उभी करू नका. भरतीला पाणी वर चढतं, आणि गाड्या उतरतात त्याच जागी. पिएदादच्या टेकडीवर चर्च बघायचं असेल तर सायकल खालच्या वस्तीत विचारून ठेवणं शहाणपणाचं. वर निवांत असतं, आणि निवांतपणा हाच धोका.

चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याजवळच आहे. आत खारफुटीतली वाट अरुंद आणि ओली, सायकल बाहेर ठेवावी लागते. प्रवेशापाशीच वन खात्याच्या माणसाला दाखवून ठेवा. होडीची फेरी भरती-ओहोटीवर असल्यानं तुमचा अंदाज तासानं चुकू शकतो, म्हणून इथलं बांधणं तासाचं नव्हे, अर्ध्या दिवसाचं समजून करा.

फोंड्याच्या देवळांना अग्रशाळा (भाविकांच्या राहायच्या जागा) असतात. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, कवळे, कुठंही आधी देवस्थानच्या कार्यालयात जाऊन सांगा. अग्रशाळेच्या पडवीच्या कडेला छप्पर मिळतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजरही. चपला काढायच्या कट्ट्याजवळ सायकल नको, तिथं सतत माणसं वाकत असतात.

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आवारात सायकल नेत नाहीत, बाहेर गाड्या थांबतात तिथंच. सुट्टीच्या दिवशी तिथं माणसं असतात, आडवारी शुकशुकाट. आडवारी गेलात तर दोघांनी पाळीपाळीनं बघा.

रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळची कातळशिल्पं आहेत, ती आडव्या जांभ्यावर कोरलेली. सायकल कातळावर ढकलत नेऊ नका, टायरनं आणि क्लीटनं (सायकलच्या बुटाखालच्या कडक तुकड्यानं) रेषा झिजतात. वरच, वाट सुरू होते तिथं थांबा.

दूधसागरसाठी कुळ्यात रेल्वे स्टेशनचा परिसर किंवा जीप सुटतात तिथली पैसे घेणारी जागा बघा. पावती मागा आणि सायकल घेतात का ते आधी विचारा. काही कंत्राटदार नंबरप्लेट नसलेलं वाहन नोंदवायला का-कू करतात. पावतीवर फ्रेमचा नंबर लिहून घेतला तर प्रश्न मिटतो. तो पेडलच्या धुरीखाली कोरलेला असतो.

ऊन, पाऊस, चिखल

शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं टायर सावलीतून उन्हात काळ्या डांबरावर ठेवलं आणि आतली हवा ६० अंशांवर गेली, तर दाब ११२-११३ होतो. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत भरून निघालात तर दाब त्या मर्यादेच्या वर जातो, आणि जुनं झिजलेलं टायर फुटू शकतं. उन्हात ठेवायची असेल तर दहा पीएसआय कमीच भरा.

पावसाळ्यात साइड स्टँड मातीत रुततो. चिऱ्याचा चपटा तुकडा ठेवा. नसेल तर नारळाची करवंटी तोंड वर करून, स्टँडचं टोक तिच्यात बसतं. खाजनाच्या बांधावर, मानशीच्या (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) जवळ सायकल ठेवताना ओल्या रेषेच्या वर ठेवा. चिखलावरची ती रेषा म्हणजे कालची भरती.

कुलपात ग्रीस किंवा खोबरेल घालू नका, धूळ चिकटून पिना जाम होतात. पाणी गेलं असेल तर आधी पाणी हाकलणारा स्प्रे मारा, वाळू द्या, मग ग्राफाइटची भुकटी. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी.

किल्ली हरवली, सायकल गेली

सायकल जाण्यापेक्षा किल्ली जाणंच जास्त घडतं, तेही धबधब्यात. किल्ली दोरीनं कमरेच्या पिशवीच्या आतल्या कडीला बांधा, दुसरी घरी माणसाकडं, आणि किल्लीवरचा नंबर फोनमध्ये. तरीही अडकलात तर जवळच्या बाजारातला वेल्डर ग्राइंडर घेऊन येतो. त्याला बिलाचा किंवा सायकलसोबतचा फोटो दाखवा, न विचारता कापणारा वेल्डर चांगला नसतो. कापण्याआधी टायरवर, ब्रेकच्या केबलवर आणि रंगावर ओली गोणपाटं टाका. ठिणग्या टायरला भोकं पाडतात. साखळी यू-लॉकच्या मानानं लवकर सुटते.

सायकल खरंच गेली तर आधी शेजारच्या दोन घरांत विचारा. पाऊस आला म्हणून कुणीतरी आत घेतलेली असते. मग ११२ ला फोन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात हद्द न बघता तक्रार नोंदवता येते, म्हणून "ते सांगे तालुक्यात जातं, तिकडं जा" असं ऐकून परत फिरू नका. फ्रेमचा नंबर, बिल आणि बांधताना काढलेला तो फोटो दाखवा. सीटखाली ब्लूटूथ ट्रॅकर असेल तर एक ध्यानात ठेवा: तो जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवर चालतो, जंगलात गप्प असतो आणि सायकल गावात पोचली की बोलायला लागतो. रात्री पुन्हा बघा.